निबर भेंडी, टणक सुपारी, चिवट शिंपला

भेंडी निबर असते, टणक नसते. सुपारी टणक असते, पण तिला कुणी भक्कम म्हणत नाही. पाया भक्कम असतो, पुरावाही भक्कम असतो. मत मात्र ठाम असतं, मन खंबीर असतं, पलंग दणकट असतो, झाकण घट्ट बसतं आणि चहा कडक होतो. शाळेत हे शब्द समानार्थी म्हणून पाठ केले, शब्दकोशातही ते एकमेकांसमोर मांडलेले सापडतात. आता जरा अदलाबदल करून बघा. खंबीर सुपारी. टणक पुरावा. निबर पाया. मराठी कान लगेच हरकत घेतो, आणि का घेतो हे सांगायला कुठलंही व्याकरण पुढे येत नाही.

मला वाटतं, यातल्या प्रत्येक शब्दामागे एक परीक्षा दडलेली आहे. दात किंवा नख रुतत नाही ते टणक. ओढलं, पिळलं, ताणलं तरी तुटत नाही ते चिवट. भार घातला, हलवून पाहिलं तरी ढळत नाही ते भक्कम. रोजच्या वापराचे दणके सोसतं ते दणकट. आणि निबर ही काळाची परीक्षा आहे. कोवळं, मग जून, मग निबर. वेलावर राहून गेलेल्या दोडक्याचं, झाडावर विसरलेल्या भेंडीचं हे वय असतं. भेंडी वाढते तशी तिच्या तंतूंच्या पेशीभित्तिकांमध्ये लिग्निन साचत जातं. लाकडाला लाकूडपण देणारं द्रव्य ते हेच. भाजी चिरताना भेंडीचं टोक मोडून पाहणारा हात खरं तर लिग्निनच तपासत असतो.

यातली टणक आणि चिवट ही जोडी मला सगळ्यांत थक्क करते, कारण पदार्थविज्ञानालाही हे दोन गुण वेगळे मोजावे लागतात. 1812 मध्ये फ्रेडरिक मोस या खनिजशास्त्रज्ञाने दहा खनिजांची उतरंड लावली: जे दुसऱ्यावर ओरखडा काढतं ते वरचं. तळाशी शंखजिरं, माथ्यावर हिरा. हिऱ्यावर ओरखडा काढायला हिराच लागतो. पण नेमक्या दिशेने घाव बसला तर हाच हिरा दुभंगतो. हिरा कमालीचा टणक आहे, चिवट नाही. उलट चीनमध्ये हजारो वर्षं ज्यात कोरीवकाम होत आलं तो नेफ्राइट जेड मोसच्या उतरंडीवर सहा-साडेसहालाच थांबतो, तरी घावाला सहजी दाद देत नाही. त्याच्या आत बारीक तंतूंची गुंतवळ असते, तडा गेला तरी त्याला सरळ वाट मिळत नाही. क्रिकेटची बातमी लिहिणारा ‘चिवट खेळी’ म्हणतो, ‘टणक खेळी’ म्हणत नाही, तेव्हा तो हाच फरक पाळत असतो.

चांगल्या कवचाला मात्र दोन्ही गुण एकत्र हवे असतात, आणि इथे निसर्ग खरोखर अवाक करतो. शिंपल्याच्या आतला चकचकीत थर घ्या. त्याचा सुमारे 95 टक्के भाग अरॅगोनाइट हे ठिसूळ खनिज असतं. पण त्याच्या सूक्ष्म चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि मधल्या फटींमध्ये प्रथिनांचा पातळ, मऊ थर असतो. तडा एका चकतीतून निघतो, मऊ थरात अडकतो, वळतो, पुन्हा अडकतो, आणि त्या वळणांतच त्याचा जोर संपतो. म्हणून हा थर नुसत्या अरॅगोनाइटपेक्षा कितीतरी पटींनी चिवट असतो. खनिजाने टणकपणा दिला, चिवटपणा त्या चिमूटभर मऊ द्रव्यामुळे आला. आणि असं घर बांधणाऱ्या प्राण्याला मराठी जीवशास्त्र म्हणतं मृदुकाय!

असंच चिवट कवच असलेला एक काळपट भुंगेरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे आढळतो. 2020 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याच्यावर संशोधन प्रसिद्ध झालं: स्वतःच्या वजनाच्या सुमारे 39,000 पट भार तो सोसतो. त्याच्या पाठीवरच्या दोन ढाली मधोमध एकमेकींत खाचा अडकवून जोडलेल्या असतात. फार दाब आला तर हा सांधा एकदम मोडत नाही, त्यातले थर हळूहळू सुटत जातात.

शब्दांकडे परत यायचं तर, संस्कृतातल्या अमरकोशात एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. तिथे कठीण, कठोर आणि दृढ यांच्याच रांगेत क्रूर आणि निष्ठुर बसलेले आहेत. वस्तूचा टणकपणा आणि मनाचा निर्दयपणा एका ओळीत! बोलत्या मराठीने ही रांग मोडली याचं मला मनापासून कौतुक वाटतं. खंबीर बाई मायाळू असू शकते, कणखर माणूस हळवा असू शकतो. ज्याच्या मनावर कशाचाच ओरखडा उमटेनासा झाला त्याला आपण खंबीर म्हणत नाही. तो निर्ढावलेला, निबर. भेंडीचा शब्द इथे माणसाला लागतो, आणि किती नेमका लागतो.

सगळ्यांत टणक वस्तूचं नाव घेऊन मात्र एक चिकट पदार्थ आपल्याकडे वावरतो, तो म्हणजे वज्रलेप. वज्र म्हणजे इंद्राचं आयुध आणि हिराही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाची कृती दिली आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं आणि आणखी काही वनस्पती पाण्यात उकळायच्या, आठवा हिस्सा उरला की उतरवायचं, मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल असं घालून लगदा करायचा आणि तो गरम असतानाच देवळांना, भिंतींना, मूर्तींना, विहिरींना लावायचा. कोटी वर्षं टिकेल, अशी त्याची ग्वाही आहे. या यादीत धातू नाही, दगड नाही. आहेत त्या सगळ्या झाडांनी दिलेल्या वस्तू. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत आपोआप कडक होतं, तैलचित्रांचे रंग त्याच गुणामुळे वाळून टिकतात. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज थांबवायला आज रासायनिक लेप देतात, त्यालाही वज्रलेपच म्हणतात.