सूत्राचे कुंपण

२० मीटर उंचीच्या गच्चीवरून एक दगड अलगद सोडला आहे असे समजा. हवेचा विरोध विचारात घेतला नाही आणि गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद धरले, तर क सेकंदांनंतर दगडाची जमिनीपासूनची उंची

उ = २० − ५क² मीटर

असते. आता क च्या जागी ३ घाला. उत्तर येते उणे २५! म्हणजे दगड जमिनीत २५ मीटर खोल गेला की काय? क = −१ घातले तर उंची १५ मीटर येते; पण दगड सोडण्यापूर्वी तर तो तुमच्या हातातच होता.

आकडेमोड बरोबर आहे. चुकला तो प्रश्न. दगड २ सेकंदांत जमिनीवर आदळतो आणि सूत्राचा अंमल तेथेच संपतो. म्हणून येथे क ची किंमत ० ते २ यांमधलीच घ्यायची. चल राशीला ज्या किमती देता येतात त्यांच्या संचाला ‘प्रांत’ म्हणतात. त्या दिल्यावर ज्या किमती प्रत्यक्ष मिळतात त्यांच्या संचाला ‘व्याप्ती’. आपल्या दगडाच्या बाबतीत प्रांत ० ते २ सेकंद आणि व्याप्ती ० ते २० मीटर.

पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात मात्र दगड नसतो आणि जमीनही नसते. नुसते सूत्र असते. तेथे पाहायचे ते एवढेच, की क्ष ची किंमत घातल्यावर य ची वास्तव किंमत मिळते की नाही. शाळेच्या बीजगणितात अडचणीच्या जागा मुख्यतः दोन. छेद शून्य होता कामा नये आणि वर्गमुळाच्या चिन्हाखाली ऋण संख्या येता कामा नये.

य = १/(क्ष − २) हे फलन घ्या. क्ष = २ घेतल्यास छेद शून्य होतो. म्हणून २ सोडून सर्व वास्तव संख्या हा प्रांत. व्याप्ती काढायची तर उलट जावे, म्हणजे क्ष ला य च्या रूपात मांडावे: क्ष = २ + १/य. येथे य शून्य असून चालत नाही. म्हणून व्याप्ती म्हणजे ० सोडून सर्व वास्तव संख्या.

आता य = √(९ − क्ष²) पाहा. ९ − क्ष² ऋण होऊ नये, म्हणून क्ष −३ ते ३ यांमध्ये हवा. व्याप्तीसाठी वर्ग करून उलट गेलो तर क्ष² = ९ − य² मिळते आणि य सुद्धा −३ ते ३ असावा असे वाटते. पुष्कळ विद्यार्थी येथेच फसतात. √ हे चिन्ह ऋण नसलेले वर्गमूळ दाखवते; म्हणून व्याप्ती फक्त ० ते ३. वर्ग करताना चिन्हाची माहिती पुसली जाते, ती आपण आठवणीने परत आणली पाहिजे.

मग क्ष² + य² = ९ याचे काय? येथे प्रांत आणि व्याप्ती दोन्ही −३ ते ३. पण क्ष = ० घेतल्यास य च्या दोन किमती मिळतात, ३ आणि −३. म्हणून हा नुसता संबंध आहे, फलन नव्हे. जर्मन गणितज्ञ डिरिक्ले यांनी १८३७ मध्ये फलनाची जी कल्पना मांडली तिचा गाभाच हा, की क्ष च्या प्रत्येक किमतीला य ची एकच ठरावीक किंमत हवी. मग ती एखाद्या सूत्राने मिळो वा न मिळो.

हे सारे केवळ परीक्षेतल्या गुणांसाठी आहे असे मात्र समजू नका. आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने स्प्रिंगला ५०० ग्रॅमपर्यंत वजने टांगून नोंदी घेतल्या. दर १०० ग्रॅमला स्प्रिंग २ सेंटिमीटर वाढत होती. आलेख अगदी सरळ आला. त्याने ती रेषा पट्टीने पुढे वाढवली, ३ किलोग्रॅमला ६० सेंटिमीटर वाढ होईल असे ठरवले आणि पडताळा घ्यायला तेवढे वजन खरोखरच टांगले! स्प्रिंग जी ताणली गेली ती वजने काढल्यावरही मूळ लांबीवर आली नाही. रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम खोटा ठरला नव्हता. तो एका मर्यादेपर्यंतच लागू आहे आणि ती मर्यादा आलेखाच्या कागदावर कोठेच लिहिलेली नव्हती.

सूत्र स्वतःहून कधीच ‘थांबा’ म्हणत नाही. जी किंमत घालाल तिचे उत्तर ते मुकाट्याने देते. कुंपण घालायचे काम आपले. कधी ते बीजगणिताच्या नियमांनी ठरते, तर कधी जमिनीने किंवा स्प्रिंगच्या पोलादाने.

जाता जाता एक कोडे. य = (क्ष² − ४)/(क्ष − २) आणि य = क्ष + २ ही दोन्ही फलने एकच आहेत का? अंश-छेदांतला समान अवयव काढून टाकण्याची घाई न करता आधी दोहोंचे प्रांत लिहा, मग व्याप्ती. दोन्हींच्या आलेखांत फक्त एका बिंदूचा फरक आहे. तो कोणता, ते तुम्हीच शोधून काढा.