लपवलेले कोणापासून?
संगणकाच्या पोटात : लेखांक 9

गेल्या आठवड्यात रूटकिटची ओळख झाली. फोल्डरमध्ये काय काय आहे, असे आपण विचारतो. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, बसलेला प्रोग्राम ते उत्तर वाटेतच अडवतो, त्यातून स्वतःचे नाव गाळतो आणि उरलेली यादी आपल्यापुढे ठेवतो. व्हायरस लिहिणाऱ्यांची ही जुनी युक्ती. पण हेच एखाद्या नावाजलेल्या कंपनीने केले तर?

मार्क रसिनोविच हे विंडोजच्या अंतरंगाचे मोठे जाणकार. रूटकिट शोधणारे स्वतःचेच साधन ते आपल्या संगणकावर चालवून पाहत होते, तेव्हा काही लपलेल्या फायली सापडल्या. माग काढत ते पोहोचले सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीपर्यंत. 31 ऑक्टोबर 2005 रोजी त्यांनी हे जाहीर केले. गाण्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीकडून घेतलेले एक्ससीपी नावाचे सॉफ्टवेअर त्या सीडीतून संगणकात शिरत होते. करारपत्रात लपवाछपवीचा उल्लेख नव्हता. अशा सुमारे 21 लाख सीडी विकल्या गेल्या होत्या.

नाव विशिष्ट पाच अक्षरचिन्हांनी सुरू झाले की ती फाइल अदृश्य करायची, एवढाच त्या प्रोग्रामचा नियम होता. फाइल कोणाची, हे तो पाहतच नसे. दोन आठवड्यांच्या आत एका ट्रोजनने, म्हणजे निरुपद्रवी असल्याचे सोंग घेणाऱ्या घातक प्रोग्रामने, तीच अक्षरे आपल्या नावापुढे लावली आणि तो आयताच त्या आडोशाला जाऊन बसला. ते सॉफ्टवेअर हाताने पुसायला जावे, तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा होई. कंपनीने ते काढून टाकण्याची सोय दिली, पण प्रिन्स्टनच्या एड फेल्टन आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिले, की त्या सोयीमुळे कुठलेही वेबपान तुमच्या संगणकात हवा तो प्रोग्राम चालवू शकत होते.

आमचा हेतू वाईट नव्हता, हा बचाव इथे मला मान्य नाही. घरमालकाने सांगून भिंतीत करून घेतलेला चोरकप्पा ही त्याची सोय असते. पण सुताराने मालकाला न सांगता तो केला, तर सुतार कितीही सज्जन असला तरी घर मालकाच्या ताब्यात राहिलेले नसते.

अँटिव्हायरसही कर्नलपर्यंत जातो. त्याला जावेच लागते, कारण चोर तिथवर पोहोचलेला असतो. पण तो आपणच बसवलेला असतो, त्याचे नाव यादीत दिसते आणि नको झाल्यास काढता येतो. खोलवर जाण्याचा धोका असतोच. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले. ती गंभीर चूक होती, पण तो दगा नव्हता.

सीमारेषेवरचे एक उदाहरण सिमँटेकचे. नॉर्टन सिस्टमवर्क्समध्ये पुसलेल्या फायलींच्या प्रती ठेवणारा एक फोल्डर होता. वापरणाऱ्याने तो चुकून पुसू नये म्हणून तो विंडोजपासूनही लपवलेला होता. सुविधा उघड, हेतू वापरणाऱ्याच्याच भल्याचा. तरीही त्या आडोशाला व्हायरस बसू शकला असता. जानेवारी 2006 मध्ये कंपनीने अपडेट देऊन तो फोल्डर दिसता केला. याला मी घातक सॉफ्टवेअर म्हणणार नाही. चूक होती, ती कंपनीने मान्य केली आणि दुरुस्त केली.

एक्ससीपीला मात्र मी घातकच म्हणेन. मायक्रोसॉफ्टनेही तसेच ठरवले आणि व्हायरस काढणाऱ्या आपल्या साधनाच्या यादीत त्या रूटकिटचा समावेश केला. जानेवारी 2007 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत सोनी बीएमजीने एक अट स्वीकारली : ते सॉफ्टवेअर काढण्याच्या खटपटीत ज्यांचे संगणक बिघडले, त्यांना दुरुस्तीसाठी 150 डॉलरपर्यंत भरपाई द्यायची.

(क्रमशः)