ईसानातली सावड

थायलंडच्या ईशान्येला, ईसानात, बहुतेक शेतं पावसाच्या भरवशावर. वर्षातून एकदाच भात, कापणी नोव्हेंबरात. थुंग कुला रोंगहाईच्या सपाट माळावरचा सुवासिक जॅस्मिन तांदूळ जगभर जातो, घरात मात्र चिकट भात शिजतो. विकायच्या पिकात भाड्याचं हार्वेस्टर फिरतं. आम्ही उतरलो होतो त्या घरखाण्याच्या तुकड्यात अजून विळा चालत होता.

कापणारे बहुतेक साठीच्या पुढचे. तरुण मुलं बँकॉकला कामावर. उन्हासाठी लांब बाह्या, डोक्या-तोंडाला फडकं, दिसतात फक्त डोळे. विळ्याचं पातं आपल्यापेक्षा लांब आणि जास्त वाकलेलं. टोकाने ताटं जवळ ओढायची, डाव्या मुठीत धरायची, एक हिसका. कोकणात आम्ही पेंढ्यासाठी बुडातून कापतो. इथे गुडघ्याएवढं धसकट ठेवतात आणि कापलेली मूठ त्याच्यावरच आडवी टाकतात. खाली ओल असली तरी लोंब्या अधांतरी, वारा खालूनही लागतो. दोन-तीन दिवसांत दाणा वाळला की बांबूच्या ओल्या बंदांनी पेंढ्या बांधायच्या. यंत्राने काढलेलं ओलं भात मात्र डांबरी रस्त्याच्या कडेला पसरावं लागतं. हा खर्च भाड्यात कोणी धरत नाही.

दुपारी बांधावर बांबूच्या विणलेल्या डब्यांतून चिकट भात, भाजलेला मासा, मिरचीची चटणी. भात बोटांनी वळून बुडवायचा. जेवण यजमानाचं, मजुरी नाही. आज इकडे आलेला उद्या स्वतःच्या शेतात यांना बोलावणार. हिशेब कुठे लिहिलेला नसतो, पण कोण कोणाकडे आलं नव्हतं हे सगळ्यांना पाठ. गोडवा आहेच, मला मात्र या व्यवहाराचा काटेकोरपणा जास्त आवडला.

त्यात परक्याचं काय करायचं? माझा दिवस फेडायला इथे माझं शेत नाही. यजमानीणबाईंना हे खटकत असावं. दुभाष्या पोराला मध्ये घालून त्यांनी विचारलं, तुमच्याकडे भात आहे का? आहे म्हटलं, चिपळूणजवळ. कापणी कधी? ऑक्टोबरात, दिवाळीच्या आसपास. त्यांनी बोटांवर महिने मोजले. इथलं भात तोवर हिरवंच असतं, म्हणजे यायला जमेल. फक्त म्हशी कोण बघणार, यावर त्यांचा शेजारणीशी वाद सुरू झाला.