फांदीचं वर-खाली

पावसाळ्याच्या तोंडावर जास्वंदीची वीतभर फांदी कापून कुंडीत खोचली, की बहुतेक वेळा ती जगते. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही अचाट आहे असं वाटतच नाही. पण त्या फांदीने जन्मात कधी मूळ काढलेलं नसतं. पाणी आयतं मिळे, तिने फक्त पानं-फुलं काढायची. झाडापासून तुटल्यावर ती सालीखालच्या पेशींतून मुळं काढते आणि ती नेमकी खालच्याच टोकाला येतात!

त्यात काय, टोक मातीत असतं, तिथे ओल असते, असं कुणीही म्हणेल. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हेरमान फ्योख्टिंग यांनी मातीच काढून टाकली. १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी विलोच्या काड्या दमट हवेत टांगल्या, काही सुलट आणि काही चक्क उलट्या. ओल चहूकडे सारखीच. उलट्या काड्यांनाही मुळं फुटली ती मुख्यतः झाडावर असताना खाली असलेल्या टोकाला. आता ते टोक वर होतं, तरीही. कोंब दुसऱ्या टोकाकडून.

याहून गंमत तुकड्यांची. काडीचे दोन भाग केले, तर वरच्या तुकड्याला कापाजवळ मुळं येतात आणि खालच्या तुकड्याला त्याच कापाजवळच्या डोळ्यातून कोंब. तीच जागा, काप बोटभर वर गेला असता तर मुळांऐवजी कोंबाची झाली असती. म्हणजे ‘खाली’ कुठलं हे काडीच्या एखाद्या टोकाला नव्हे, तिच्या कणाकणाला ठाऊक असतं.

हे कसं, ते कळायला ऑक्झिन सापडावं लागलं. नेदरलँड्सच्या फ्रिट्स वेन्ट यांनी १९२८ साली ओटच्या कोवळ्या कोंबांवरच्या प्रयोगांतून या संजीवकाचं अस्तित्व दाखवून दिलं. ते शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि पेशीपेशीतून, तासाला साधारण एक सेंटिमीटर या चालीने, बुंध्याकडे सरकतं. ऑक्झिन बाहेर सोडणारी प्रथिनं पेशीच्या बुंध्याकडच्या बाजूला जास्त असतात; गर्दीच्या देवळात एका दाराने आत आणि पलीकडच्या दाराने बाहेर, तशी ही वाहतूक. फांदी उलटी धरली म्हणून दारं लगेच जागा बदलत नाहीत. कापाशी मात्र वाट संपते आणि ऑक्झिन साचत जातं. त्यात जखमेमुळे सुटलेले इशारे मिसळले, की आसपासच्या काही पेशी आपलं जुनं काम सोडून नव्याने विभागू लागतात आणि त्यांतून मूळ घडतं. रोपवाटिकेत फांदीचं टोक ज्या पावडरीत बुडवतात, तिच्यात बहुधा याच ऑक्झिनचा भाऊबंद, आयबीए, असतो.

म्हणून खालचा काप डोळ्याच्या जरा खाली, तिरका घ्यायचा आणि वरचा सरळ. पानं गळालेल्या काड्यांच्या जुडीत कुठली बाजू कुठली हे मग चुकत नाही. मुळं येईपर्यंत पानांतून पाणी उडणं परवडणारं नसतं, तेव्हा बरीचशी पानं काढायची, मोठी असतील तर अर्धी कापायची. कळ्यांचा मोह तर ठेवूच नये.

सगळ्याच झाडांना हे साधत नाही. आंब्याची फांदी सहजी मुळं धरत नाही, म्हणून हापूसला कलमाची वाट. उलट बिनबियांच्या द्राक्षाला बी पेरण्याची सोयच नाही, तिथे काडी किंवा डोळा हाच वंश. काडीतून आलेली वेल मूळ वेलीचीच प्रत असते. बागाईतदाराला एकसारखे घड मिळतात ते त्यामुळेच, आणि वेलीतला एखादा विषाणूही काडीबरोबर पुढे जातो तो त्यामुळेच.

आणि ऊस? त्याने तयारी आधीच करून ठेवलेली असते. बेण्याच्या टिपरीवर पेराशी एक डोळा असतो आणि त्याच्या आगेमागे ठिपक्यांच्या ओळींचा पट्टा. तो एकेक ठिपका म्हणजे न फुटलेलं मूळ. टिपरी सरीत आडवी पडली, ओल मिळाली, की हीच मुळं आधी बाहेर येतात आणि कोंबाला स्वतःची मुळं येईपर्यंत त्याला पोसतात. रसवंतीबाहेर उभ्या असलेल्या मोळीतल्या कुठल्याही उसावर हे ठिपके नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात.