मोतिया रंग पिवळा का दिसतो?

आमच्या हॉलला मोतिया रंग दिला. दिवसभर भिंत सायीसारखी दिसली. संध्याकाळी दिवे लावले आणि घरच्यांनी एका सुरात सांगितलं, ‘हे तर आम्रखंड झालंय! पेंटरने डबा चुकवला.’ पेंटरने शांतपणे शेड कार्ड भिंतीला चिकटवलं. कार्डही तितकंच पिवळं दिसत होतं.

डबा बरोबर होता, उजेड बदलला होता. पिवळसर ‘वॉर्म’ एलईडीचा प्रकाश साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो, तर निळसर ‘कूल डेलाइट’ ६५०० च्या आसपास. पहिल्यात मोतिया आणखी पिवळा होतो, दुसऱ्यात फिका पडतो. म्हणून आधी दिवे ठरवा, मग रंग. आपण नेमकं उलटं करतो.

कार्डावर पसंत पडलं तसंच भिंतीवर दिसेल, हाही भ्रमच. कार्डावरचा तुकडा असतो आगपेटीएवढा. खोलीत चार भिंती एकमेकींवर प्रकाश फेकतात आणि तोच रंग गडद होतो. त्यात लाल मोझेक किंवा शहाबादी फरशी आपली छटा मिसळते ती वेगळीच. दुकानदार काहीही म्हणो, दोन समोरासमोरच्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे नमुने मारून घ्यावेत आणि सकाळी, दुपारी, रात्री बघावेत.

‘ऑफ-व्हाइट म्हणजे मळका पांढरा’ असं म्हणणाऱ्यांनी वर छताकडे पाहावं. छत निळसर पांढरं असेल तर त्याच्या कडेला उबदार भिंत कळकटच वाटणार. पॅरिसच्या गोबेलँ या विणकाम कारखान्यात काळ्या धाग्याचा रंग फिका असल्याची तक्रार आली, तेव्हा तिथल्या रंगविभागाचे प्रमुख शेव्ह्रल यांना दोष शेजारच्या रंगांत सापडला. १८३९ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. आपल्याकडे तर चुन्यात नीळ घालायची जुनी सवय. त्यामुळे निळसर असेल तरच ‘पांढराशुभ्र’, असं डोळ्यांत बसलेलं आहे. माझ्या मते छताला भिंतीचाच रंग थोडा फिका करून द्यावा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

मोतिया रंग काही वर्षांनी आपोआप पिवळा पडतो, ही भीतीही सरसकट खरी नाही. पिवळा पडतो तो मुख्यतः ऑइल पेंट, आणि तोही अंधारात: कपाटामागे, फोटोच्या चौकटीखाली. अॅक्रिलिक इमल्शन त्या मानाने बरंच टिकून राहतं. स्वयंपाकघरातला पिवळेपणा बहुतेकदा फोडणीचा चिकट थर असतो. तो पुसला जाईल की नाही हे रंगावर नव्हे, फिनिशवर ठरतं. मॅट भिंत घासली की डाग जातो आणि तिथे चमकदार चट्टा उरतो.

आणि फिकट रंग म्हणजे काम स्वस्त, असंही नाही. जुनी गडद हिरवी भिंत झाकायला अस्तर आणि निदान दोन हात लागतातच. लांबी नीट घासलेली नसेल तर बाजूने येणारा उजेड प्रत्येक उंचवटा दाखवून देतो. ओल असेल तर आधी गळती शोधा; नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतील.

आम्ही रंग ठेवला आणि ४००० केल्विनचे दिवे आणले. सगळ्यांनी कबूल केलं की आता सायच दिसते. डबा चुकला होता, हे मात्र अजून कुणी मागे घेतलेलं नाही.