ताकदीचे दोन तक्ते

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४मध्ये आला, तेव्हा त्यातल्या योद्ध्यांच्या वर्गाचं नावच 'फायटिंग मेन' होतं. १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये ते 'फायटर' झालं खरं, पण भेद तक्त्यांत शिरला. मानवी पुरुष योद्ध्याची ताकद १८/००पर्यंत (इथे ०० म्हणजे १००) जाई, स्त्रीची १८/५०वर अडे. बुटक्या हाफलिंगांतही पुरुषाला १७, बाईला १४. आग ओकणारे ड्रॅगन बिनदिक्कत चालवून घेणाऱ्या खेळाला वास्तवाची आठवण नेमकी इथेच व्हावी!

त्याआधी १९७६मध्ये 'द ड्रॅगन' या नियतकालिकातल्या एका लेखाने स्त्रीपात्रांचा 'करिश्मा' नव्हे, 'सौंदर्य' मोजावं असं सुचवलं होतं. सोबत पुरुषांना भुरळ घालण्याची विद्याही.

या खेळाच्या प्रकाशक टीएसआरच्या रचना विभागातल्या पहिल्या स्त्री म्हणजे जीन वेल्स. त्यांचं 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' (१९८१) हे साहस चित्रांवरून वादात सापडलं. कंपनीने प्रती परत मागवल्या आणि टॉम मोल्डव्हे यांच्याकडून ते नव्याने लिहून घेतलं.

ताकदीवरची मर्यादा १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली. पात्र स्त्री-पुरुष या दोनच खणांत बसवायची गरज नाही, हे मात्र हँडबुकात छापून यायला २०१४ची पाचवी आवृत्ती उजाडली.