नळी रुंद, वाट बंद

सकाळी ७.३० ऑक्सिजन नसलेल्या चेंबरमधून कालच्या प्लेट्स काढते. अंड्याच्या बलकाच्या अगारवर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सच्या प्रत्येक ठिपक्याभोवती दुधट वलय आहे. जंतूचं अल्फा-टॉक्सिन बलकातलं लेसिथिन तोडतं, त्याचीच ही खूण. आपल्या पेशींच्या आवरणातही लेसिथिन असतं. गॅस गँगरीनमध्ये स्नायू कुजवणारं मुख्य विष हेच.

८.३० उंदराला भूल दिली. मांडीच्या स्नायूवर रक्तप्रवाह मोजणारा लेझर डॉप्लरचा प्रोब, मानेच्या धमनीत रक्तदाबाची नळी. आता पडद्यावरच्या रेषा स्थिरावेपर्यंत काही करायचं नाही. इथे घाई केली की पुढचे आकडे फुकट.

१०.०० शुद्ध केलेलं टॉक्सिन स्नायूत टोचलं. रक्तप्रवाहाची रेषा काही मिनिटांतच घसरू लागते. अमेरिकेत बॉयसी इथल्या एमी ब्रायंट आणि डेनिस स्टीव्हन्स यांच्या गटाने २००० साली याचं कारण मांडलं: टॉक्सिनमुळे प्लेटलेट्स आणि न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या रक्तवाहिन्या बुजवतात. ऑक्सिजन तुटलेला स्नायू म्हणजे या जंतूला मोकळं रान.

१०.२० आजची सिरिंज. आत रक्तवाहिन्या रुंदावणारं सोडियम नायट्रोप्रसाइड असेल किंवा नुसतं द्रावण. हे औषध उजेडात बिघडतं, म्हणून फॉइल. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही सिरिंजांना फॉइल. वर फक्त क्रमांक.

११.०० नजर दोन्ही रेषांवर. गटार तुंबलं असताना पाइप मोठा करून भागतं का, हा आमचा प्रश्न. शिवाय हे औषध अंगभरच्या वाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवतं. गॅस गँगरीनचा रुग्ण बहुधा आधीच शॉककडे निघालेला असतो.

दुपारी २.३० जेवणानंतर मायक्रोस्कोप. जुन्या स्लाइडवर स्नायूचे तंतू मेलेले, पण त्यांच्यात न्यूट्रोफिल्स जवळजवळ नाहीत. सगळे वाहिनीच्या आतच अडकलेत. फौज आली, वेशीतच राहिली.

४.३० मीटिंग. सर्जन विचारतात, "मग नायट्रोप्रसाइड रुग्णाला द्यायचं का?" नाही. आज उपाय तेच: मेलेला स्नायू तातडीने कापून काढणं आणि पेनिसिलिनसोबत टॉक्सिनची निर्मिती रोखणारं क्लिंडामायसिन.

५.३० वहीत प्रवाह आणि दाब शेजारी शेजारी लिहिते. प्रवाह वाढला पण दाब कोसळला, तर त्याला यश म्हणायचं नाही, हे सिरिंजांचे क्रमांक उघडण्याआधीच ठरवून ठेवलंय.